चेहऱ्याच्या पानावर थांबायचं

मायेची, वाटून घेण्याची गोष्ट सांगणारं चित्रपुस्तक वाचून संपलं की ते मिटायचं आणि विचारायचं, ‘मग, यातून आपण काय शिकलो?’ घरोघरी हे चालतं, बालवाडीतही चालतं. चार वर्षांचं मूल लगेच सुरात सांगतं, ‘वाटून खायचं!’ मोठ्यांना बरं वाटतं. पाच मिनिटांनी तेच मूल बिस्किटाचा पुडा पोटाशी धरून बसलेलं असतं.

यात मुलाचा खोटेपणा काही नाही. निम्मं निम्मं करावं हा नियम त्याला खरोखरच ठाऊक असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते आठ वयाच्या मुलांनी तो नियम ठामपणे सांगितला, आणि स्टिकर हातात आल्यावर त्यातल्या लहानांनी स्वतःकडे जास्त ठेवले. आपण जास्त ठेवणार हेही त्यांनी आधी विचारल्यावर सरळ सांगितलं होतं. म्हणजे नियम शिकवायला चित्रपुस्तक वापरणं म्हणजे पोहता येणाऱ्याला पुन्हा पाण्याची व्याख्या सांगण्यासारखं आहे. नियम आहे, हात पुढे होत नाही. तो हात पुढे व्हायला दुसऱ्याचा चेहरा दिसावा लागतो.

चित्रपुस्तकाचं खरं बळ इथे आहे. अंगणात दोन मुलांची ओढाताण होते तेव्हा समोरच्याचा चेहरा पडतो तो दोन सेकंद, आणि बघणारं मूल स्वतःच संतापलेलं असतं. पानावरचा चेहरा हलत नाही. त्याच्याकडे कितीही वेळ बघता येतं, उद्या पुन्हा बघता येतं, आणि त्या भांडणात बघणाऱ्याचं काही पणाला लागलेलं नसतं.

२०१३ सालचाच दुसरा एक अभ्यास दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा आहे. पालकांना मुलांबरोबर चित्रांचं पुस्तक बघायला दिलं होतं. ज्या पालकांनी ‘हा का रडतोय रे?’ असं विचारून भावनेचं नाव आणि कारण मुलाच्याच तोंडून काढून घेतलं, त्यांची मुलं मदत करायला आणि वाटून द्यायला जास्त तयार होती. पालकांनी स्वतःच ‘तो दुःखी आहे, कारण त्याचा चेंडू हरवला’ असं समजावून सांगण्याचा मात्र तसा संबंध दिसला नाही. एकामुळेच दुसरं झालं असं अशा अभ्यासातून छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण वाचताना काय करून बघावं हे त्यातून नक्की कळतं. सांगायचं कमी, विचारायचं जास्त, आणि विचारायचं ते चेहऱ्याबद्दल.

आता विचारायचं कुठल्या भाषेत? गोव्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूच्या कितीतरी घरांत पुस्तक मराठी आणि बोलणं कोकणी. इथे एक बारीक खाच आहे. कोकणीत ‘ताका कशें दिसता?’ म्हणजे त्याला कसं वाटतंय. मराठीत ‘तो कसा दिसतो?’ म्हटलं की मूल सांगणार, लाल शर्ट, मोठे डोळे, दात पडलाय. प्रश्न भावनेचा होता, उत्तर कपड्यांचं आलं, आणि वाचणाऱ्याला वाटतं मुलाला समजलंच नाही. घरात कोकणी असेल तर मजकूर मराठीत वाचा आणि गप्पा कोकणीत मारा. ‘ताका वायट दिसलें, कित्याक?’, म्हणजे त्याला वाईट वाटलं, कशामुळे, एवढं पुरतं. भावनांचे शब्द मुलाला ज्या भाषेत रडता येतं त्याच भाषेत आधी यायला हवेत. मराठीतले ‘हिरमुसला’, ‘खट्टू झाला’, ‘ओशाळला’ हे सुरेख शब्द मागाहून पुस्तकातून येतील, आणि चित्र समोर असल्यामुळे ते चिकटतीलही.

पुस्तक निवडताना एक परीक्षा अगदी सोपी आहे. शेवटचं पान हाताने झाका. आता उरलेल्या पानांत माया दिसते का? दिसत नसेल, फक्त शेवटच्या ओळीत सांगितलेली असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा. दुसरं, देणाऱ्याला देणं जड जातंय हे चित्रात कुठेतरी दिसायला हवं. मागे ओढलेला हात, एक पाऊल मागे, दुसरीकडे वळवलेली मान, काहीही. पहिल्या पानापासून हसत हसत वाटणारं पात्र मुलाला परकं वाटतं, कारण त्याला स्वतःला तसं नेहमी वाटत नाही. तिसरं, शेवटी बक्षीस आहे का ते पाहा. अर्धी भाकरी दिली आणि सोन्याचा हंडा मिळाला, अशी गोष्ट मुलाला देणं शिकवत नाही, सौदा शिकवते. चौथं, घेणाऱ्यालाही चेहरा आहे का? फाटके कपडे आणि पसरलेला हात एवढंच ज्याचं चित्र आहे, तो माणूस म्हणून मुलाच्या मनात उतरत नाही. गोव्यातल्या बालवाड्यांत आज कर्नाटकातून, उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलंही बसतात. नेहमी तेच घेणारे आणि आपण देणारे, अशीच चित्रं मुलांनी बघितली तर उपकाराची सवय लागेल, मैत्रीची नाही. नवीन आलेलं, आपली भाषा न येणारं मूलच काहीतरी देतंय अशी पुस्तकं मुद्दाम शोधावीत. आणि देणारी प्रत्येक वेळी आईच किंवा ताईच आहे का, हेही एकदा डोळ्याखालून घालावं.

माणसं की प्राणी, यावर बरीच चर्चा होते. कॅनडातल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकात माणसं, दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर दिले, प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षाही कमी. मात्र ज्या मुलांना प्राणी माणसांसारखेच वाटत होते, ती प्राण्यांच्या गोष्टीनंतरही जास्त देत होती. अभ्यास लहान आहे, त्यावरून घरातले ससे आणि अस्वलं माळ्यावर टाकायची गरज नाही. पण दहा पुस्तकांतली दहाही जंगलातली असतील तर चार बदला. मुलाला घरापुढचा सोपा, तुळशीवृंदावन, पावसात गळणारं कौल दिसलं की ही गोष्ट आपल्याकडची आहे हे त्याला सांगावं लागत नाही.

पुस्तकं मिळतात. पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची परंपरा असलेलं. मुलांना तिथे घेऊन जाणं हा स्वतंत्र आनंद आहे. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका आणि प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं मागवता येतात. प्रथमच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत, उतरवून छापताही येतात. मोबाईलवर वाचणार असाल तर गोष्ट आधी उतरवून घ्या आणि मग इंटरनेट बंद करा. वरून एक संदेश टपकला की चेहऱ्याचं पान गेलंच.

वाचण्याची पद्धत आता जरा सावकाश सांगते, कारण चुका इथेच होतात.

एक पुस्तक निदान चार-पाच दिवस वाचायचं. पहिल्या दिवशी मध्ये एकही प्रश्न नाही. गोष्ट सलग, चित्रांवर रेंगाळत, पुढे काय होतं याची ओढ लागू देत. साधारण बत्तीस पानांच्या पुस्तकाला आठ-दहा मिनिटं लागतात. पहिल्याच वाचनात प्रश्न विचारले तर मुलाची गोष्ट तुटते आणि पुस्तक म्हणजे परीक्षा अशी गाठ बसते.

दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी थांबायचं, तीनच. कुठे थांबायचं ते आधी एकट्याने पुस्तक चाळून ठरवा आणि तिथे कागदाचा कपटा घाला. पहिला थांबा, कुणाचा तरी चेहरा बदलतो ते पान. दुसरा, देणाऱ्याचा हात अजून पुढे झालेला नाही ते पान. तिसरा, घेणाऱ्याच्या हातात वस्तू आल्यानंतरचं. पहिल्यावर विचारा, ‘हिला काय झालं?’ दुसऱ्यावर, ‘ती काय विचार करत असेल?’ तिसऱ्यावर पुष्कळदा विचारावंच लागत नाही, नुसतं बोट ठेवलं की मूल बोलतं. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. हे पाच आकडे फार जड जातात, दुसऱ्याच आकड्याला आपल्या तोंडून उत्तर निघून जातं. मुलाने ‘तिला भूक लागलीय’ म्हटलं आणि चित्रात तसं काही नसलं तरी ‘चूक’ म्हणू नका. ‘कशावरून वाटलं?’ विचारा. कारण ऐकलं की बहुतेक वेळा कळतं की मुलाने आपल्याला न दिसलेलं काहीतरी पाहिलंय, कोपऱ्यातली रिकामी ताटली नाहीतर पोटावर ठेवलेला हात.

दुसऱ्या थांब्यावर एखादं मूल म्हणतं, ‘देऊ नको! तुझंच आहे!’ तिथे दचकायचं कारण नाही. गोष्ट आत पोचल्याची ती खूण आहे. ‘हो, तिलाही तसंच वाटत असणार’ एवढं म्हणून पान उलटा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात. ते चित्रं बघून सांगेल, आपण ऐकायचं. शब्द चुकतील, पानं उडी मारून पुढे जातील, चालेल.

बालवाडीत बसवायची रीत वेगळी. बारा-पंधरापेक्षा जास्त मुलांना एका वेळी चित्र दिसत नाही. तीस असतील तर दोन गट करा, एक गट बाहेर खेळू दे. अर्धगोल, पुढची रांग मांडी घालून. पुस्तक बाईंच्या खांद्याजवळ नको, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर हवं, म्हणजे बाईंनी बुटक्या स्टुलावर बसायचं. खिडकी बाईंच्या पाठीशी आली की मुलांचे डोळे दिपतात आणि चित्र काळं पडतं. खिडकी मुलांच्या पाठीशी किंवा बाजूला घ्या. पान खालच्या कडेने धरा, नाहीतर अंगठा नेमका चेहऱ्यावर येतो. आणि उत्तर नेहमी तीच दोन चुणचुणीत मुलं देतात. त्यांना थांबवण्यापेक्षा सगळ्यांना सांगा, ‘बोलू नका, तोंडाने तसा चेहरा करून दाखवा.’ गप्प मुलंही मग त्यात असतात.

वयाप्रमाणे अपेक्षा बदला. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पानं, एका पानावर एक चेहरा, आणि ‘बाळ रडतंय’ एवढंच. त्या वयात एक मोठी गोष्ट नुकतीच घडत असते. १९९७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात मोठ्या माणसाने ब्रोकोली चवीने खाऊन दाखवली आणि बिस्किटांना नाक मुरडलं, मग हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटं दिली, अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली. दुसऱ्याची आवड आपल्याहून वेगळी असते हे कळणं, औदार्याची ही पहिली पायरी. म्हणून ज्या पुस्तकात आधी चुकीची भेट दिली जाते आणि मग दुसऱ्याला खरंच काय हवंय ते शोधलं जातं, ती मला सगळ्यात मोलाची वाटतात.

पुस्तक वाचून झाल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, खरंखुरं काहीतरी देण्याची संधी समोर यायला हवी. लहानशी आणि मोजता येणारी. पाच जांभळं, चार रंगखडू. ‘यातलं भावाला द्यायचं का, किती, ते तू ठरव. नाही दिलंस तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणता यायला हवं. बालवाडीच्या वयाच्या मुलांवरच्या एका प्रयोगात, ज्यांना आपली वस्तू ठेवायची की उदास बाहुल्याला द्यायची हे खरोखर स्वतः निवडू दिलं, ती मुलं नंतर दुसऱ्याच बाहुल्याशीही जास्त मोकळ्या हाताने वागली. जबरदस्तीने दिलेल्या खडूची आठवण हिसकावून घेतल्याची राहते. म्हणून आवडतं खेळणं वाटायला लावू नका. पाहुणी मुलं यायच्या आधीच विचारा, ‘यातलं कुठलं कपाटात ठेवूया?’ एक-दोन वस्तू सुरक्षित राहिल्या की बाकीच्यांवर हात सैल सुटतो.

दिल्यावर चॉकलेट नको. वीस महिन्यांच्या मुलांवरच्या प्रयोगात मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेल्या मुलांची मदत नंतर कमी झाली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा नुसतं कौतुक झालं होतं, त्यांची टिकली. कौतुकही मी ‘किती गुणी माझं बाळ’ असं करणार नाही. ‘बघ, त्याने लगेच तोंडात टाकलं, जीभ जांभळी झाली त्याची,’ असं म्हटलं की मुलाची नजर स्वतःवरून उठून पुन्हा त्या चेहऱ्यावर जाते.

आणखी एक चूक फार महागात पडते. मुलाने कुणाला मारलं, हिसकावलं, आणि संध्याकाळी ‘चल, ते मैत्रीचं पुस्तक वाचूया.’ मुलाला सगळं समजतं. ते पुस्तक त्याच्या लेखी शिक्षा होतं आणि पुन्हा उघडलं जात नाही. भांडणाच्या दिवशी वेगळं काहीतरी गमतीचं वाचा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. ‘बघ, ही कशी देते, नाहीतर तू!’ हे वाक्य तर कुठल्याच दिवशी नको.

घेण्याचीही शिकवण लागते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, शेजारी नेवऱ्या म्हणजे करंज्या जातात, नाताळात शेजारच्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, घरातून दोदोल आणि कुलकुल अशा गोडाचं ताट येतं, हे आपली मुलं बघतच वाढतात. ताट न्यायला आणि घ्यायला मुलांना दारात पुढे करा. त्या आठवड्यात त्याच विषयाचं पुस्तक काढलं तर वेगळं काही समजवावं लागत नाही.

हवं तसं पुस्तक सापडलं नाही तर घरी करा. ए-थ्री आकाराचा एक कागद घ्या, थोडा जाड. आडवा ठेवून डावी कड उजवीवर आणून घडी घाला, पुन्हा तशीच घडी, उलगडा, चार उभे पट्टे दिसतील. आता खालची कड वरच्या कडेवर आणून लांब घडी घाला आणि उलगडा. आठ चौकोन झाले. कागद डावीकडून उजवीकडे एकदा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या घडीवरून फक्त एक चौकोन आत कापा. उघड्या बाजूने कापलं तर कडा सुटतात आणि पुस्तक जमत नाही. उलगडून लांब घडी घाला, दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला, मधली चीर उघडून अधिकचं चिन्ह दिसेल, पानं एका बाजूला गुंडाळा. पोस्टकार्डाएवढं आठ पानी पुस्तक तयार होतं. चित्रं त्यानंतरच काढा, आधी काढली तर अर्धी उलटी येतात.

गोष्ट सकाळचीच घ्या. मुखपृष्ठावर सायकल आणि पाठीमागे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, टोपली. दुसऱ्या पानावर भोंगा, पॉं पॉं. तिसऱ्यावर आई चार पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, घेते. चौथ्यावर मुलीच्या हातात गरम पोई, एक घास घेतलेला, कोंडा ओठाला लागलेला. पाचव्यावर शेजारची आजी धापा टाकत फाटकाशी आलीय, आणि पोदेर वळणापलीकडे गेलाय. सहाव्या पानावर एक शब्दही नको. फक्त मुलीचा चेहरा, पानभर, आणि खाली तिच्या बोटांत घट्ट धरलेली पोई. सातव्यावर दोन हात आणि अर्धी अर्धी पोई, एका तुकड्यावर चावल्याची खूण तशीच. आठवं पान कोरं. ते मुलाचं. तिथे त्याने आजी काढली काय आणि पोदेराला परत बोलावलं काय, खोडरबर देऊ नका.

ही पुस्तकं वाड्यावर फिरू द्या. कुठलं पुस्तक कुणाकडे पाठवायचं ते मुलाने निवडायचं. आवडतं पुस्तक आठवडाभर दुसऱ्याच्या घरी राहणं हेही देणंच आहे. जून ते सप्टेंबर मात्र जपा. गुळगुळीत कागदाची पानं ओली झाली की एकमेकांना चिकटतात आणि ओढली तर चित्र सोलून निघतं. भिजलं तर लगेच पानापानात कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवा. भिंतीला टेकलेल्या फळीवर दोन बोटं मागे जागा सोडा, आठवड्यातून एकदा पानं फडफडवा, बुरशीचे ठिपके दिसले तर बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा. फाटून परत आलं तर सेलोटेप लावू नका, दोन पावसाळ्यांत ती पिवळी पडते आणि डिंक पानात उतरतो. मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी घ्या. ज्याच्याकडून फाटलं त्या मुलालाही बोलवा. एकाने पान धरायचं, दुसऱ्याने बोटाने खळ लावायची, वर जड पाटा ठेवायचा, आणि सकाळपर्यंत कुणी उघडायचं नाही.